कोरे राहिलेले गाव

एकदा एक वृद्ध वैद्य आणि त्यांचा शिष्य डोंगरातल्या एका खोऱ्यात राहत. खोऱ्यातल्या बारा गावांना त्यांच्याच औषधाचा आधार होता. तिथे चार वर्षांत एकोणीस तरुण मुली पहिल्या बाळंतपणात दगावल्या होत्या. लोकांनी आधी दैवाला बोल लावला, मग सुइणींना. वैद्य औषधी गोळा करायला वर्षभरासाठी घाटाखाली गेले, तेव्हा शिष्याने या मरणांचा छडा लावायचे मनावर घेतले. त्याने पांढऱ्या कापडावर खोऱ्याचा नकाशा काढला, घरोघर चौकशी केली आणि जी मुलगी जिथे दगावली त्या गावावर कोळशाचे एक काळे टिंब ठेवले.

टिंबे सगळीकडे विखुरली. शेलवडी हे चुन्याच्या भट्ट्यांचे गाव तेवढे कोरे राहिले. तिथले पाणी चांगले असणार, सुईण हातगुणाची असणार, असे शिष्याने ठरवून टाकले. हुशार माणसाची हीच खोड असते. उत्तर मनासारखे आले की तो पुढे विचारत नाही. त्याच सुमारास त्याच्या धाकट्या बहिणीला, सारजाला, शेलवडीचे स्थळ सांगून आले. वडील का-कू करत होते. शिष्याने त्यांच्यापुढे नकाशा पसरला, कोऱ्या जागेवर बोट ठेवले आणि सांगितले, की या गावात एकही बाळंतीण दगावली नाही. लग्न पार पडले.

वैद्य परतले तेव्हा सारजाला सहावा महिना सरत आला होता. शिष्याने मोठ्या उमेदीने नकाशा दाखवला. वैद्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि मग ओल्या फडक्याने सगळी टिंबे पुसून टाकली. शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. कित्येक महिन्यांची पायपीट होती ती. वैद्यांनी त्याला पुन्हा त्याच एकोणीस घरी जायला सांगितले. विचारायचे ते एकच, पोरीचे सासर कोणते. टिंब तिथे ठेवायचे.

शिष्य मनात कुरकुरतच निघाला. तिसऱ्या घरीही शेलवडीचेच नाव आले, तेव्हा त्याची कुरकुर थांबली. सातव्या घरच्या आईने सांगितले, की लेक माहेरी आली तेव्हाच तिची नखे पांढरी पडली होती आणि उंबरा चढताना तिला धाप लागत होती. तो परत आला तेव्हा एकोणीसपैकी चौदा टिंबे शेलवडीवर होती. आधीच्या नकाशात कोरी असलेली जागा काळी झाली होती.

वैद्य म्हणाले, "बाळा, आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. शेलवडीच्या सुना सहा-सात महिने भट्टीवर दगड वाहतात, सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खातात आणि डोहाळजेवण झालं की माहेरी येऊन मरतात. शेलवडीत बाळंत होतात त्या तिथल्या लेकी. त्या दुसऱ्या गावचं खाऊन आलेल्या असतात, म्हणून वाचतात. तू मरणाची जागा मांडलीस. मरण जिथं अंगात शिरलं, ती जागा तू विचारलीच नाहीस."

शिष्य अंगणातूनच शेलवडीच्या वाटेला लागला. सारजा भट्टीवर होती, डोक्यावर दगडांची पाटी घेऊन. भावाला पाहून ती हसली, तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. तिच्या सासूने त्याला बसायला घोंगडी घातली, गूळपाणी दिले. बाई दुष्ट नव्हती. पोरीला आताच न्यायचे म्हटल्यावर तिला नवल वाटले.

"आठ दिवसांनी डोहाळजेवण करून आम्हीच पोचवणार होतो," ती म्हणाली. "आणि काळजी कसली करता? आमच्या गावात आजवर एकही बाळंतीण दगावली नाही. कुणालाही विचारा."

ती खरेच बोलत होती. हेच वाक्य आपण वडिलांना ऐकवले होते, हे शिष्याला आठवले आणि त्याची मान खाली गेली. तो सारजाला घेऊन आला. वैद्यांनी लोहभस्म दिले, दूध, खजूर, जे हाती होते ते सारे दिले. तिच्या गालांवर थोडी लाली आली, तेव्हा घराला आशा वाटू लागली. पण सहा महिन्यांत झिजलेले अंग तीन महिन्यांत भरून आले नाही. सारजाला मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी सारजा गेली.

मृत्यूची नोंद माहेरच्या गावी झाली. कागदावर तसेच लिहिले जाते. शिष्याने कापड उलगडले आणि शेलवडीवर पंधरावे टिंब ठेवले. या वेळी जागा चुकली नाही. वैद्य शेजारी बसून होते.

पुढे तो शिष्य स्वतः वैद्य झाला. एखाद्या गावाने अभिमानाने सांगितले, की आमच्याकडे अमुक दुखण्याने कुणी मरत नाही, की तो शांतपणे एवढेच विचारी, "मग तुमची माणसं मरायला कुठं जातात?"