मिस्तीच्या वाटेवरचा दगड

“किती राहिलं होतं?” शेडगेसरांनी विचारलं.

सकाळपासून चौथ्यांदा. आधीचे तीन प्रश्न मी भाषांतर न करता गिळून टाकले होते. या वेळी सर माझ्याकडे न बघता थेट आमच्या वाटाड्याकडे, ताय्तांकडे बघत होते, त्यामुळे सांगणं भाग पडलं.

ताय्ता बुटातली राख झटकत होते.

“कुठपर्यंत?”

“शिखरापर्यंत. आणखी कुठपर्यंत?”

“दोन तास.”

“मला पोचता आलं असतं.”

“हो.”

“मग अडवलं का?”

“पोचता आलं असतं,” ताय्ता म्हणाले. “परत येता आलं नसतं.”

सरांनी तोंड फिरवलं...

आम्ही तिघं मिस्तीच्या उतरणीवर, दगडांच्या एका ढिगाशेजारी बसलो होतो. दुपारचं ऊन होतं आणि जीप यायची होती.

मिस्ती हा पेरूमधला ज्वालामुखी. तीन कळसूबाई एकावर एक ठेवा, वर आणखी अर्धी ठेवा, तेवढा उंच. त्याच्या पायथ्याशी आरेकिपा हे शहर आहे. स्पॅनिश लोकांनी डोंगराच्या पोटातून आलेल्या पांढऱ्या दगडात ते बांधलं. ते शहरच महाबळेश्वरच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे. मी अकरा वर्षांपूर्वी इथे स्पॅनिश शिकायला आले आणि राहिले. मराठी प्रवासी आले की त्यांची दुभाषी होते. ते डोंगर बघतात, मी त्यांना बघते.

हणमंतराव शेडगे वाईचे. शाळेत एकतीस वर्षं खेळ शिकवून निवृत्त झालेले. दोनशे अकरा किल्ले चढलेले. प्रत्येक किल्ल्यावरून एक दगड आणायचा, धुवायचा, चिठ्ठी चिकटवून काचेच्या कपाटात ठेवायचा, हा त्यांचा नेम. किल्ले तरीही उभे आहेत, ही जुन्या गवंड्यांची कृपा.

कपाटाच्या मधल्या फळीवर एक जागा मोकळी ठेवून ते आले होते. चिठ्ठीसुद्धा लिहून आणली होती. पहिल्याच दिवशी मला दाखवली: ‘मिस्ती, ५८२२ मीटर’. पुढच्या रविवारी शाळेत सत्कार होता आणि तो दगड मुलांच्या हातात द्यायचा होता.

शिवाय डॉक्टरांनी बजावलं होतं, यानंतर एवढी उंची नको. चढले तर आत्ता, नाहीतर कधीच नाही.

त्यांचे वाटाडे इल्देफोन्सो चोकेवांका. वय सदुसष्ट. वडीलधाऱ्यांना इथे ताय्ता म्हणतात, तसं मीही म्हणते. ताय्ता लहानथोर सगळ्यांना ‘तू’ म्हणतात. सरांना सांगताना मी त्याचं ‘तुम्ही’ करत होते. दुभाष्याला एवढं खोटं चालतं.

पहिल्या दिवशी ताय्ता म्हणाले होते, “तीन दिवस शहर बघा.”

“मी शहर बघायला आलेलो नाही.”

“छातीला बघू द्या. तिला उंचीची सवय होऊ द्या.”

सर चिडले, पण पर्याय नव्हता. आम्ही चौकातल्या कमानींखालून फिरलो. जोगिणींच्या जुन्या मठात गेलो. तिथल्या गल्ल्या एक निळी, एक तांबडी अशा रंगवलेल्या आहेत. तिथलं काजळी धरलेलं स्वयंपाकघर मला फार आवडतं. सरांनी ते दारातूनच पाहिलं आणि घड्याळ बघितलं.

ताय्ता एकच शब्द बोलायचे. “हळू.”

सर पुढे.

कोकाच्या पानांचा चहा पुढे केला, तर सर म्हणाले, “नशापाणी आपल्याला चालत नाही.” इथे उंचीवर तो चहा आजीपासून नातवापर्यंत सगळे पितात, हे सांगूनही त्यांनी कप सरकवला.

मठाच्या पायऱ्या उतरताना ताय्ता कठड्याला धरून, एकेक पाय टेकत उतरत होते. सरांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “हा लंगडा म्हातारा मला वर नेणार?”

त्यांनी काय विचारलं, हे ताय्तांना कळलं असावं. त्यांनी उजव्या गुडघ्यावर टिचकी मारली.

“वीस वर्षं झाली,” ते म्हणाले. “उतारावर हा माझ्याशी भांडतो.”

तेही मी भाषांतरात गाळलं.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही चढायला लागलो. थोडं वर हा ढीग लागला. इथून जाणारा प्रत्येक जण पायथ्याहून एक दगड आणतो आणि इथे ठेवतो. ताय्तांनी खिशातून दगड काढला, उजव्या गुडघ्यावर चोळला, त्यावर फुंकर घातली आणि ढिगावर ठेवला. मीही माझा ठेवला.

“हे काय?” सरांनी विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं.

“देवादिकांचं असेल तर नंतर सांगा. ऊन वाढतंय.”

ते ढिगाभोवती फिरले. त्यातला लालसर, मुठीत मावेल असा एक दगड त्यांनी उचलला, हातात खेळवला आणि खिशात टाकला. का, तर हाताला सवय! मला लाज वाटली. मी ताय्तांकडे बघितलं. ताय्तांनी ते पाहिलं होतं.

ते वळून चालू लागले.

मी रात्रीच्या मुक्कामाच्या तंबूपर्यंतच गेले. दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी दोघं वर गेले. वर मी नव्हते आणि भाषेची गरजही पडली नाही. ताय्तांनी नंतर सांगितलं, सूर्य आला तेव्हा सर चार पावलं टाकून बसत होते. पाचव्यांदा बसले तेव्हा ताय्तांनी त्यांच्यासमोर आडवा हात धरला. सरांनी हात बाजूला केला. ताय्तांनी पुन्हा धरला. सर उठायला गेले आणि तिथेच कलंडले.

आठच्या सुमाराला मला राखेच्या उतारावर एक जाडजूड माणूस दिसला. जवळ आल्यावर कळलं, ती दोन माणसं होती. ताय्तांनी सरांना अर्धी वाट पाठीवर आणि अर्धी बखोटीला धरून आणलं होतं. जांभळं खाल्ल्यासारखे सरांचे ओठ झाले होते. ताय्तांनी त्यांना कोकाचा चहा पाजला. या वेळी सरांनी कप सरकवला नाही.

तास-दीड तासात आणखी खाली आलो तसा त्यांना रंग आला. आणि रंग आला तसा रागही.

आता ते ढिगाशेजारी बसून होते, राग घेऊन.

“त्यांना विचारा,” सर मला म्हणाले. “याच्यामुळे अडवलं ना?”

त्यांनी खिशातून तो लालसर दगड काढून ताय्तांसमोर धरला.

“मी यांच्या ढिगातला दगड घेतला. यांचा देव कोपला. म्हणून मला शिखर दिसू दिलं नाही. विचारा, विचारा!”

मी विचारलं. मान खाली घालून विचारलं.

ताय्ता हसले. हसता हसता खोकला लागला. पाणी प्यायले.

“डोंगराला एवढा वेळ नसतो,” ते म्हणाले. “तुमचे ओठ निळे पडले होते.”

सरांनी दगड मुठीत बंद केला. मग आवाज उतरला.

“रविवारी मुलं येणार आहेत. पहिलीपासून दहावीपर्यंत. अख्ख्या वाईला सांगून आलोय मी...”

त्यांनी मूठ उघडून दगड पुन्हा पाहिला.

“हाच ठेवला तर?” ते एकदम म्हणाले. “डोंगर तोच, दगड त्याचाच. शिखरावरचा की इथला, कोण बघायला येतंय? तुम्ही तर नाही ना सांगणार?”

हे मला होतं. तरीही मी ते ताय्तांना सांगितलं. का सांगितलं, आजही नीट सांगता येत नाही. बहुधा मला सरांना तिथे एकटं सोडायचं नव्हतं.

ताय्तांनी विचारलं, “हा दगड कशाचा आहे, माहीत आहे?”

“ज्वालामुखीचा.”

“थकव्याचा.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बरोबर ऐकलंत.

“वर जाणारा माणूस खालून दगड आणतो,” ताय्ता म्हणाले. “जिथे दुखतं तिथे चोळतो. फुंकर घालतो. आपला थकवा त्यात घालून इथे ठेवतो आणि मोकळा वर जातो. हा सगळा ढीग थकव्याचा आहे.”

ढीग माझ्या खांद्याएवढा होता.

“आणि मी...” सर म्हणाले.

“तुम्ही कुणाचा तरी खिशात घालून वर निघालात.”

पुढे काय होईल, याची मला भीती वाटली. हा माणूस हसणं सहन करणाऱ्यातला नव्हता.

सरांनी दगड या हातातून त्या हातात घेतला. पुन्हा या हातात घेतला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतायत. हसत होते! मग खरंच रडले.

“तरीच,” ते म्हणाले. “तरीच पाय माझे वाटत नव्हते.”

डोळे पुसून ते माझ्याकडे वळले. “त्यांना सांगा... वर मला फार भीती वाटली होती. आयुष्यात पहिल्यांदा. हात आडवा आला तेव्हा राग आला, पण आत कुठेतरी बरं वाटलं. हे मी सकाळपासून लपवतोय.”

मी सांगितलं.

“आणि सांगा, यांनी मला जन्माला घातल्यासारखं खाली आणलं. मला आभार मानता येत नाहीत. शाळेत मी मुलांना फक्त शिट्टी वाजवून दाखवली.”

एवढं बोलून ते उठले, वाकले आणि ताय्तांच्या पायांना हात लावला.

ताय्तांना नमस्कार कुठला ठाऊक! त्यांना वाटलं, बुटाची नाडी सुटलीय आणि हा बांधून देतोय. त्यांनी विश्वासाने दुसराही पाय पुढे केला.

मी काही सांगायच्या आत सरांनी दोन्ही नाड्या नीट बांधल्या. घट्ट, दुहेरी गाठ मारून, खेळाच्या मास्तरांसारखी.

मला त्या दोघांचा इतका लोभ वाटला की मी उगाचच डबा उघडून त्यांच्यापुढे भाजलेले मक्याचे दाणे ठेवले. आम्ही खाल्ले. खाली शहर पांढरं दिसत होतं.

“उतरल्यावर तो मठ पुन्हा बघता येईल का?” सरांनी विचारलं. “ते स्वयंपाकघर. मी आत गेलोच नव्हतो.”

“हळू गेलात तर,” ताय्ता म्हणाले.

दूर वळणावर जीपची धूळ दिसली.

सरांनी पाकिटातून लिहून आणलेली चिठ्ठी काढली. ‘मिस्ती, ५८२२ मीटर’. दुमडून दुमडून बारीक केली आणि परत पाकिटात ठेवली.

“मुलांना काय दाखवणार?” मी विचारलं.

“रिकामी जागा. आणि हे सगळं सांगेन. पाठीवर बसून आलो, तेही सांगेन.”

मग ते दगड घेऊन ढिगाजवळ गेले. ठेवायला हात पुढे केला आणि थांबले.

“ज्याने इथे ठेवला, त्याचं मी चोरलं,” ते म्हणाले. “कुणाचा होता ते कळलं असतं, तर माफी मागितली असती.”

मी ताय्तांकडे बघून तेवढं सांगितलं.

ताय्ता उठले. कशाचाही आधार न घेता उठले, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी सरांच्या हातातला दगड घेतला, अंगठ्याने पुसला, उन्हात धरून पाहिला.

मग सरांच्या खांद्यावर हात ठेवून बोलले. त्यातला ‘तू’ मी या वेळी ‘तू’च ठेवला.

“माझा होता, लेकरा. तू तो घेऊन गेलास, आणि आज एवढा उतार तुला पाठीवर घेऊन आलो, तर गुडघा एकदाही भांडला नाही. तुझे आभार मानायचे राहिले होते.”