विदमंत राजाची अडकलेली झोप

दिवा बारीक करा रे कोणीतरी. आणि मध्ये मध्ये बोलायचं नाही, आज माझ्यात ओरडायचं त्राण नाही. गोष्टसुद्धा एका दमलेल्या माणसाचीच आहे.

एक होता राजा. त्याचं नाव विदमंत. कुठला, तर फार लांब उत्तरेचा, लिथुआनिया देशाचा. खरंच होता का, ते मला विचारू नका. माझी आत्या सांगायची, मी तुम्हाला सांगते.

तिथे सगळं जंगलच जंगल. मधमाश्या झाडांच्या ढोलीत राहायच्या आणि लोक त्यांना घरचंच माणूस समजायचे. घरात बाळ झालं, लग्न ठरलं, कोणी वारलं, की घरधन्याने स्वतः झाडापाशी जायचं. टोपी काढायची, खोडावर हळूच टकटक करायची आणि माश्यांना सांगायचं. आणि बरं का, एका घरच्या माश्या उठून दुसऱ्याच्या दारी बसल्या, तर ती दोन घरं सोयरी व्हायची. मग भांडण कितीही मोठं असो, सोयऱ्यावर हात उगारायचा नाही.

एकदा काय झालं, शेजारच्या पोलंड देशाचा राजा वारला. मागे त्याची एकुलती एक मुलगी, बोग्ना. तिथले सरदार विदमंताकडे आले. म्हणाले, "आमच्या राजकन्येशी लग्न करा आणि आमचेही राजे व्हा." विदमंत तरणाबांड होता, लगेच हो म्हणाला. मग निघायची एकच धांदल. त्याने आपल्या बुत्रीम काकांना सांगितलं, गावाला सांगितलं, तबेल्यातल्या घोड्यांनासुद्धा सांगितलं. नदीकाठी त्याच्या आईचं ओकाचं झाड होतं, त्यातल्या माश्यांना सांगायचं तेवढं राहून गेलं.

मग काय. माश्या रुसल्या. त्यांनी राजाची झोप ढोलीत ओढून घेतली आणि वरून मेणाने बंद करून टाकली.

लग्न झालं, दुसरा मुकुट डोक्यावर चढला, आणि विदमंताच्या डोळ्याला डोळा लागेना. आज लागेल, उद्या लागेल, करता करता वर्षं गेली. लोकांना वाटायचं, वा, काय राजा आहे! कधीही जा, जागाच. मग लोक कधीही जायला लागले. पोलंडचे लोक म्हणायचे, तुम्ही इकडे फार कमी राहता. लिथुआनियाचे म्हणायचे, तुम्ही आता त्यांचेच झालात. राजा बिचारा हिवाळ्यात बर्फावरच्या घसरगाडीतून आणि उन्हाळ्यात घोड्यावरून, इकडून तिकडे अन् तिकडून इकडे. दाढी पांढरी झाली. जेवताना घास हातातच राहायला लागला. तुमच्या आजोबांचं व्हायचं तसंच.

एक दिवस राणी बोग्ना म्हणाली, "अहो, घरून निघताना कोणाला सांगायचं राहिलं का हो तुमचं? माणसाच्या मनाला असं काहीतरी लागून राहतं."

राजाने आठवलं. काकांना सांगितलं, गावाला सांगितलं, घोड्यांना सांगितलं. आणि मग त्याचा चेहरा उतरला. "मधमाश्यांना," तो म्हणाला.

आता तेव्हाच उठून जायचं की नाही? पण राजा तो, त्याला वेळ कुठे! त्याने आधी प्रधानाला पाठवलं. प्रधानाने झाडासमोर उभं राहून लांबलचक भाषण केलं. माश्यांनी ढोलीतून डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही. मग राजपुत्राला पाठवलं. त्याने टोपी काढली, टकटकही केली. पण निरोप बापाचा आणि सांगणार मुलगा, असं कुठे चालतं का? तो तसाच परत आला.

त्यानंतर झाला तो घोटाळा. पोलंडचा म्हातारा सेनापती यारोश आला. म्हणाला, "महाराज, ते लिथुआनियाचे जंगलवाले नदीकाठच्या आपल्या कुरणात गुरं घालतात. सैन्य नेऊ का?" राजाने नीट ऐकलंही नाही. समोरचा माणूस जावा आणि दार लागावं, एवढंच त्याला वाटत होतं. म्हणाला, "न्या." तो जातो न जातो तोच बुत्रीम काका आले. "विदमंता, ते पोलंडचे शेतवाले आपलं कुरण बळकावतायत. सैन्य नेऊ का?" राजा म्हणाला, "न्या."

बघा आता. सैन्यं दोन, कुरण एक आणि राजा एकच.

राजाला कळलं तेव्हा दोन्ही सैन्यं नदीपाशी समोरासमोर उभी होती. तो घोडा दामटत पोचला. "मागे फिरा!" म्हणाला. यारोश म्हणाला, "महाराज, तुम्हीच न्या म्हणालात." काका म्हणाले, "मलाही तूच म्हणालास. राजाने दिलेला शब्द दिवसातून कितीदा फिरवायचा?" तो घोड्यावरून उतरला. त्याचं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. मग पाय ओढत तो आईच्या झाडाकडे गेला.

मुकुट काढून त्याने गवतात ठेवला. खोडावर हळूच टकटक केली. म्हणाला, "मी विदमंत. सांगायचं राहिलं होतं. मी दुसऱ्या घरी गेलो. लग्न केलं. मुलगा झाला. दोन देशांचा राजा झालो आणि फार थकलो." मग म्हणाला, "आणखी एक. आता इथे माणसं मरतील. इकडची आणि तिकडची, सगळी माझ्याच घरची. तेही सांगतो. चूक माझी आहे."

एवढं बोलून त्याने खोडाला कपाळ टेकलं. आणि आत गूं गूं गूं सुरू झालं. मेण वितळलं. माश्यांचं अख्खं मोहोळ उठलं, राजाच्या डोक्यावरून फिरलं आणि नदी ओलांडून गेलं. गेलं ते थेट पोलंडच्या झेंड्याच्या काठीवर जाऊन बसलं.

तशी बुत्रीम काकांनी कुऱ्हाड खाली टाकली. मागच्या साऱ्या सैन्याने टाकली. यारोशला काही समजेना. त्याने पलीकडून विचारलं, "हत्यारं का टाकली?"

काका म्हणाले, "आमच्या घरच्या माश्या तुमच्या दारी बसल्या. आता तुम्ही सोयरे झालात. सोयऱ्याला मारायचं कसं?"

यारोशने शिरस्त्राण काढलं, घाम पुसला आणि गवतात बसकण मारली. "मला तरी कुठे हौस होती," तो म्हणाला. "गुडघे दुखतात माझे. महाराज कुठे आहेत?"

महाराज झाडाखाली झोपले होते. तोंड उघडं होतं आणि चक्क घोरत होते. काकांनी तोंडावर बोट ठेवलं. मग दोन्ही सैन्यांनी घोड्यांच्या खुरांना गवत बांधलं आणि पाय न वाजवता आपापल्या घरी गेली. राणी येऊन उशाशी बसली. एकदा त्याला जाग आली. "कोणाचं काही काम आहे का?" त्याने विचारलं. राणी म्हणाली, "कोणाचं काही नाही. झोपा तुम्ही." आणि तो परत झोपला.

पुढे दोन्ही देश सुखाने नांदले. कुरणात दोघांचीही गुरं चरायला लागली. आणि राजाने एकच नवा कायदा केला. दमलेल्या माणसाला काही विचारायचं नाही. जे विचारायचं ते सकाळी.

म्हणून तुम्हीही आता मला काही विचारू नका. सरका तिकडे, थोडं पांघरूण मलाही द्या. उरलेलं सकाळी.