झिजका रुपया आणि कोरा रुपया

मुकुटधारी राजाच्या छापाचे चांदीचे रुपये बाजारात चालेनासे झाले, त्यानंतरची ही गोष्ट. पोतदार सोनारांच्या दुकानात चिमटा डबीला टेकून कुजबुजला, "अनसूयाकाकींचे दोन्ही रुपये मुशीत घालून वितळवणार म्हणे, आणि मग..." तेवढ्यात हातोडी वाजू लागली आणि पुढचं राहूनच गेलं.

डबीतला झिजका रुपया धास्तावला. भाजीवालीची कनवट, सुईणीची मूठ, नव्या नवरीचा थरथरता तळवा, सगळं त्याला आठवत होतं. तेही वितळून जाणार?

कोरा रुपया मात्र जन्मभर गाठोड्यात झोपलेला. तो म्हणाला, "तुला तर तोंडच उरलं नाही रे! माझा मुकुट बघून मला नक्की ठेवून घेतील."

रुपये मोडायला आलेल्या अनसूयाकाकींनाही कोराच भारी वाटला. "पोतदार, हा चकचकीत आहे, याचे जास्त धरा की!"

"काकी, मोडीत आम्ही मुकुट नाही तोलत, चांदी तोलतो," पोतदार हसले. झिजका जरासाच कमी भरला.

"कुठे सांडलीस रे एवढी चांदी?" कोऱ्याने टोमणा मारला.

"सांडली नाही, हातोहाती वाटली," झिजका म्हणाला, आणि दोघेही एकाच मुशीत उतरले.

चिमट्याची बातमी खरी ठरली, पण अर्धीच. रुपये वितळले आणि काकींच्या नातीचे वाळे झाले. नवरीचा तो तळवा आता कोऱ्यालाही आठवू लागला. एवढ्यात नातीने पाय उचलून वाळा सरळ तोंडात घातला. इतक्या हातांतून फिरलेल्या चांदीलाही असा ओला मुका पहिल्यांदाच मिळत होता.