विहीणबाईंचा राजा आणि व्याह्यांचा झरा

एका डोंगराच्या दोन अंगांना दोन गावं होती. अलीकडचं झिरेवाडी, पलीकडचं उंबरकडा. मधल्या डोंगरातून पूर्वी एक अरुंद पायवाट जायची. त्या मुलखाच्या राजानं तिथं घाट फोडला, मोठा रस्ता बांधला आणि दोन्ही गावं शेजारी आल्यासारखी झाली.

हा राजा मोठा झपाट्याचा माणूस होता. मनात आलं की काम सुरू, आणि सुरू झालं की पुरं. पण कुणाला काही विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे त्याच्या राज्यात त्याच्या नावानं टाळ्या वाजवणारी माणसं होती, तशी त्याचं नाव निघालं की तोंड फिरवणारीही होती. मधली माणसं फार थोडी.

झिरेवाडीचा नागोजी तोंड फिरवणाऱ्यांतला. उंबरकड्याची गोदाक्का टाळ्या वाजवणाऱ्यांतली. आणि गंमत अशी, की नागोजीची मुलगी शेवंता आणि गोदाक्काचा मुलगा दौलत यांचं लग्न ठरलं.

बोलणी करायला दोन्हीकडची शहाणी माणसं होती. त्यांनी देण्याघेण्याचं, मानपानाचं, जेवणाचं सगळं बोलून घेतलं. राजाचा विषय मात्र कुणी काढलाच नाही. लग्न ठरेपर्यंत गप्प बसलेलं बरं, असं सगळ्यांनाच वाटलं.

लग्नाच्या दिवशी दुपारी वऱ्हाड घाट उतरून झिरेवाडीच्या वेशीपाशी आलं. पुढं ताशे, मागं सजवलेल्या बैलगाड्या, मधे घोड्यावर मुंडावळ्या बांधलेला दौलत. नागोजी पाय धुवायला तांब्या घेऊन उभा होता. त्याच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता.

एवढ्यात वऱ्हाडातून कुणीतरी हौसेनं ओरडलं, "घाटाच्या राजाचा विजय असो!"

सगळं वऱ्हाड ओरडलं, "विजय असो!" सगळ्यांत मोठा आवाज गोदाक्काचा होता.

नागोजीनं तांब्या खाली ठेवला.

"विहीणबाई," तो म्हणाला, "नवरदेवाच्या नावानं काय ओरडायचं ते ओरडा. त्या माणसाचं नाव माझ्या गावाच्या वेशीत नको."

"का हो? घाट उतरून आलो तो कुणाचा? त्याचाच ना?"

"घाट कुणाचा ते मला सांगू नका. ते मला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

"व्याही, ज्या गावात आमच्या राजाचं नाव चालत नाही, त्या गावात आमचा मुलगा घोड्यावरून उतरणार नाही!"

"मग बसू द्या घोड्यावर!"

झालं. वऱ्हाड वेशीबाहेर चिंचेखाली बसलं. झिरेवाडीचे लोक आत मांडवात बसले. ताशेवाल्यांना कुणाचं ऐकावं ते कळेना, म्हणून त्यांनी ताशे पालथे घालून त्यावर डोकी टेकली. पुरणपोळ्यांची चळत झाकून ठेवली होती, तिच्याकडं दोन्ही बाजूंच्या माणसांचं लक्ष होतं. पण बोलणार कोण? मुहूर्त गोरजाचा होता, आणि ऊन कलायला लागलं होतं. दौलत बिचारा घोड्यावरच. उतरावं तर आई रागावणार, पुढं जावं तर सासरे.

मांडवामागच्या खोलीत शेवंता हळद लावून बसली होती. तिनं बाहेरची सगळी बाचाबाची ऐकली. थोडा वेळ ती रडली. मग तिनं डोळे पुसले, उठली, पाण्याची कळशी कमरेवर घेतली आणि सरळ वेशीकडं निघाली.

बायका म्हणाल्या, "अगं, नवरी कुठं अशी बाहेर पडते का?"

"लग्न मोडायचं तर मोडू दे," शेवंता म्हणाली. "पण पाहुणे तहानलेले परत गेले असं गावाचं नाव व्हायला नको."

चिंचेखाली जाऊन तिनं पहिला तांब्या होणाऱ्या सासूपुढं धरला. गोदाक्का रागावलेली होती, पण तहानलेलीही होती. तिनं दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं.

"पोरी, झिरेवाडीचं पाणी गूळ कालवल्यासारखं गोड असतं, असं मी लहानपणापासून ऐकत आले. हे तर मचूळ लागतंय."

"ते पाणी आता कुठलं, आत्याबाई?" शेवंता म्हणाली. "हे पलीकडच्या ओढ्यातल्या डबक्याचं आहे. गाळून आणलंय."

"आणि तुमचा झरा?"

शेवंतानं कळशी खाली ठेवली. तिनं नुसतं सासूकडं पाहिलं आणि चालू लागली. गोदाक्का तिच्या मागोमाग गेली.

वेशीपासून थोड्याच अंतरावर घाटाचा रस्ता गावाला लागत होता. तिथं रस्त्याच्या भरावाखाली एक काळी दगडी कुंडी अर्धी गाडली गेली होती. बाहेर राहिलेल्या अर्ध्या भागात वाळकी पानं साचली होती. कडेच्या दगडांवर पिढ्यान्‌पिढ्या घागरी ठेवून पडलेले गोल खळगे होते.

"इथं पाणी पडायचं," शेवंता म्हणाली. "उन्हाळ्यातसुद्धा. रस्त्याचा भराव घातला आणि झऱ्याचं तोंड दबलं. पाणी आत कुठंतरी जिरून जातं. आता आम्ही सगळ्याजणी ओढ्यावर जातो."

"मग राजाला सांगायचं की!"

"बाबा गेले होते सांगायला. दरवाज्यावरची माणसं म्हणाली, रस्त्याबद्दल तक्रार करतोस म्हणजे तू राज्याचा वैरी. आत सोडलंच नाही. तेव्हापासून बाबा ते नाव ऐकून घेत नाहीत."

गोदाक्कानं त्या खळग्यांवरून हात फिरवला. मग पदर खोचला आणि तरातरा चालत वेस ओलांडून थेट मांडवात शिरली. मांडवातली माणसं घाबरून उभी राहिली.

"व्याही!" ती नागोजीपुढं उभी राहून म्हणाली. "झऱ्याचं मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

"नाही विचारलं. चुकलं माझं. पण तुम्ही तरी विचारलंत का, की मी त्या राजाचं नाव का घेते?"

खरंच नागोजीनं विचारलं नव्हतं. राजाचं कौतुक करणारी माणसं एकतर भोळी असतात नाहीतर लबाड, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

"मग आता विचारा," गोदाक्का म्हणाली.

"सांगा विहीणबाई. का घेता?"

गोदाक्का खाली बसली. तिचा आवाज एकदम उतरला.

"मला दौलतच्या आधी एक मुलगी होती. तिला ताप भरला. वैद्य तुमच्या बाजूला, आम्ही डोंगरापलीकडं. तिला पाठीशी बांधून आम्ही पायवाटेनं निघालो. वाट संपायच्या आधी ती संपली. पुढं घाट झाला. मग दौलत तसाच तापानं फणफणला. या खेपेला गाडी जुंपली आणि दिवस मावळायच्या आत वैद्याच्या दारात होतो. तो वाचला. आता मी कुणाच्या नावानं ओरडू, तुम्हीच सांगा."

नागोजीनं वेशीकडं पाहिलं. तिथं घोड्यावर अवघडून बसलेला दौलत मुंडावळ्या बाजूला सारून आत काय चाललंय ते बघत होता.

"म्हणजे," नागोजी हळूच म्हणाला, "ज्या रस्त्यानं माझा झरा गेला, त्याच रस्त्यानं माझा जावई राहिला."

त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. गोदाक्कानंही पुसले. आणि मग इतका वेळ कोंडलेली सगळीच माणसं बोलायला लागली.

शेवंताचे मामा खाकरले. "दाजी, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो. पण मलाही राजा आवडतो. त्यानं डोंगरातले वाटमारे पकडले. पूर्वी बाजारातून येताना माझा जीव मुठीत असायचा."

नागोजी बघतच राहिला. तेवढ्यात गोदाक्काचे यजमान उठले. हे गृहस्थ इतके अबोल होते, की बोलणी चालू असताना व्याह्यांनी त्यांना मुकं समजलं होतं.

"मला नाही आवडत," ते म्हणाले. "माझा तांबडा घोडा त्यानं फौजेसाठी नेला. आपल्याला विचारलंसुद्धा नाही. पोटच्या पोरासारखा होता."

"अहो!" गोदाक्का किंचाळली. "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू बोलू दिलंस कधी?"

मांडवात असा हशा पिकला, की वेशीवरचा घोडा बुजला आणि दौलतला घेऊन आपणच आत आला. आता उतरावं की नाही हा प्रश्नच उरला नाही. नागोजीनं घाईघाईनं तांब्या उचलला आणि जावयाचे पाय धुतले. ताशेवाले डोकी उचलून जोरात वाजवू लागले. गोरजाच्या वेळी अक्षता पडल्या, आणि त्या दिवशी झिरेवाडीत पुरणपोळी उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाक्का म्हणाली, "व्याही, चला. राजाकडं जाऊ."

"मला आत सोडत नाहीत, विहीणबाई."

"माझ्याबरोबर चला. बघू कसं सोडत नाहीत."

राजवाड्याच्या दरवाज्यावर पहारेकऱ्यानं विचारलं, "राजाला मानणारे की राजाविरुद्ध गाऱ्हाणं घेऊन आलेले? मानणारे असाल तर आत जा, गाऱ्हाणं असेल तर मागच्या अंगणात बसा."

"मी मानणारी, हे गाऱ्हाणं आणणारे," गोदाक्का म्हणाली. "आणि आम्ही एकमेकांचे व्याही आहोत. आता बसव कुठं बसवायचं ते."

असे पाहुणे पहारेकऱ्यानं कधी पाहिले नव्हते. त्याला उत्तर सुचेपर्यंत दोघं आत गेली होती.

राजा सदरेवर बसला होता. गोदाक्कानं वाकून मुजरा केला आणि म्हणाली, "महाराज, तुमचा घाट फार चांगला झाला. माझा मुलगा त्यामुळं जिवंत आहे. पण त्याच घाटाखाली माझ्या सुनेच्या माहेरचं पाणी गाडलं गेलंय."

दरबारातली माणसं एकमेकांकडं बघू लागली. राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"माझी म्हणवतेस आणि माझ्याच कामात खोट काढतेस?"

"तुमची आहे म्हणूनच सांगते, महाराज. माझ्या मुलाच्या डोक्याला माती लागली तर ती मीच पुसणार ना?"

राजा नागोजीकडं वळला. "आणि तू? तू मला शिव्या देणाऱ्यांतला दिसतोस. काय हवंय तुला? घाट मोडून टाकू? तू फक्त हो म्हण. उद्या माणसं पाठवतो."

राजानं हे रागानं विचारलं होतं, पण विचारलं होतं खरं. 'मोडा तो घाट' हे शब्द नागोजीनं पारावर बसून कितीतरी वेळा उच्चारले होते. आता ते नुसते एकदा राजासमोर म्हणायचे होते. सारा दरबार त्याच्या तोंडाकडं बघत होता. त्याला दगडी कुंडीतली वाळकी पानं आठवली. आणि एका आईच्या पाठीशी बांधलेली, वाटेतच संपलेली पोरही आठवली. त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी ती आठवली.

"नको महाराज," तो म्हणाला. "घाट राहू द्या. त्यावरून कुणाकुणाची मुलं वैद्याकडं जातात. फक्त खालून आमच्या पाण्याला वाट करून द्या. तुमचा रस्ता रस्त्याच्या जागी, आमचा झरा झऱ्याच्या जागी."

राजाकडं एकतर आरत्या यायच्या नाहीतर शाप. आपला विरोधक आपलंच काम वाचवतोय, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

"मला झऱ्याचं कुणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"मी सांगायला आलो होतो, महाराज. तुमच्या दरवाज्यानं ऐकलं. तुमच्यापर्यंत पोचलं नाही."

राजानं माफी मागितली नाही. माफी मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी झिरेवाडीत पाथरवट हजर झाले, आणि मागच्या अंगणात ताटकळणारी माणसंही त्यानं आत बोलावून घेतली.

पाथरवटांनी भराव पोखरला आणि पाणी जायला रस्त्याखालून दगडी मोरी बांधली. नागोजी दिवसभर त्यांच्यापाशी उभा राहून झऱ्याची नस कुठून येते ते दाखवायचा. एका सकाळी आतून आधी गढूळ पाणी आलं, मग जरा बरं, आणि मग असं स्वच्छ खळाळतं पाणी आलं, की सगळं गाव तिथं धावलं. बायकांनी घागरी आणल्या, पण भरायच्या आधी एकमेकींवरच उडवल्या. गोदाक्का उंबरकड्याहून मुद्दाम आली होती. ती ओंजळ भरून पाणी प्यायली आणि डोळे मिटून म्हणाली, "खरंच की गं शेवंता. गूळच!" दोन म्हातारे एकमेकांना भिजवत होते, आणि अबोल व्याह्यांनी चक्क गाणं म्हटलं.

एवढं झालं म्हणून नागोजी राजाचा भक्त झाला, असं मुळीच नाही. राजानं पुढं आणखी चांगली कामं केली आणि आणखी चुकाही केल्या. गोदाक्का कामं मोजायची, नागोजी चुका मोजायचा. भेटले की दोघांची जुंपायचीच. फरक एवढाच पडला, की आता एकजण काही बोलला की दुसरा आधी विचारायचा, "असं का वाटतं तुम्हाला?" आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबायचा. कधी नागोजी म्हणायचा, "हे मात्र बरं केलं त्यानं." कधी गोदाक्का म्हणायची, "हे काही बरं नाही केलं." दोन्ही गावांत हळूहळू तीच रीत पडली.

शेवंताच्या मुलीचं बारसं होतं, तेव्हा एक लांबची पाहुणी जेवायला आली. ओसरीवर गोदाक्का आणि नागोजी हातवारे करून तावातावानं बोलत होते. पाहुणी घाबरली.

"अगं शेवंता, तुझी सासू आणि वडील भांडताहेत! कुणी सोडवायला नको का?"

"भांडू देत," पोळीवर तूप सोडत शेवंता हसून म्हणाली. "दोघांची पानं शेजारी मांडलीत, आणि दोघांनीही आणखी वाढायला सांगितलंय."

मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य घ्यायचं ते असं: राज्य करणाऱ्यावर कुणी जीव टाकतो, कुणी रागावतो, आणि दोघांच्याही मागं त्यांच्या आयुष्यात घडलेलं काहीतरी असतं. ते आधी विचारून घ्यावं. ज्याला आपण मानतो त्याची चूक त्याला सांगावी, ज्याला आपण मानत नाही त्याचं चांगलं काम मोडू नये, आणि त्याच्यासाठी आपल्या माणसांशी वैर तर मुळीच धरू नये.