पोपटांचा ठसा

नदीकाठच्या एका गावात सारजा नावाची रंगारीण राहायची. लाकडी ठसे रंगात बुडवून ती कापडावर नक्षी छापायची. ठसे तिच्या आईच्या वेळचे, पार झिजलेले. रंग मात्र तिचा स्वतःचा, मंजिष्ठेची मुळं उकळून केलेला आणि पक्का.

एकदा बाजारात एक परका कारागीर आला. त्याच्या ठशातून पोपट असे उमटायचे, की आता उडतील असं वाटावं. तो ठसा त्याने सारजाला फुकट दिला.

"फक्त एक सांभाळ," तो म्हणाला. "याला माझाच रंग लागतो."

"आणि रंगाचं काय घेणार?"

"दर वेळी तुझा एक जुना ठसा."

झिजलेल्या लाकडाचं काय मोठंसं, असं म्हणून सारजाने एक ठसा दिला आणि रंगाचा बुधला घेतला.

गावभर पोपटांची लुगडी झाली. पण बुधला फार लवकर संपायचा. हलवला तर आत रंग डुचमळायचा, उपडा केला तर थेंब पडायचा नाही. तेवढ्यात कारागीर दारात उभा असायचा. एकेक करत सारजाचे सगळे ठसे गेले.

पुढे तिच्या भाचीचं लग्न ठरलं. शेला छापायला घेतला आणि बुधला आटला.

"माझ्याकडे आता ठसा उरला नाही," सारजा म्हणाली.

"मग तळहात पुढे कर. त्यावरच्या रेघा चालतील," कारागीर शांतपणे म्हणाला. "शेजारगावच्या रंगाऱ्याने दिल्या की."

सारजाने हात मागे घेतला. त्या रंगाऱ्याला तिने बाजारात पाहिलं होतं. त्याच्या हातात काही ठरत नव्हतं, सगळं निसटून पडत होतं.

"संध्याकाळी सांगते," म्हणत तिने दार लावलं. मग मंजिष्ठेचा रंग केला आणि ठसा त्यात बुडवून शेल्यावर दाबला. कापड नुसतं ओलं झालं. तिने पुन्हा दाबला. तेव्हा तिच्या पदरावरच्या पोपटांनी माना वळवल्या आणि ते तिच्याकडे बघू लागले. खिडकीबाहेर शेजारणीचं लुगडं वाळत होतं. त्यावरचेही बघत होते.

"दुसरा रंग पाजलास. त्यांना कळतं," दाराबाहेरून आवाज आला. "हात देतेस, की गावातले सगळे पोपट नेऊ?"

गाव आपल्याला फाडून खाईल, हे सारजाला कळत होतं. तिने ठसा उंबऱ्याबाहेर ठेवला.

"ने," ती म्हणाली.

घटकाभरात सगळ्यांची लुगडी कोरी पडली. बायका भांडायला आल्या. सारजाने मान खाली घालून ऐकून घेतलं. "चूक माझी आहे. आणून द्या, पुन्हा छापते," एवढंच ती म्हणाली.

मग परसातली भेंडी आडवी चिरून तिने आपल्या रंगात बुडवली आणि शेल्यावर फुलं उठवली.

"मावशी, वाकडी आलीत गं," भाची म्हणाली.

"आलीत खरी."

भाचीने शेल्यावरून हात फिरवला. थोडा वेळ ती फुलांकडे टक लावून पाहत राहिली.

"पण ही बघत नाहीत," ती म्हणाली आणि शेला खांद्यावर घेतला.

तात्पर्य: घरात आल्यावरही जी वस्तू देणाऱ्याचंच ऐकते, ती आपली झालेली नसते, तिच्यापायी आपल्या हातातलं सोडू नये.