माहुताचा अंगठा

पूर्वी चंपानगरीत अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हत्तीच्या कुळात जन्मास आला आणि राजाच्या गजशाळेत वाढला. त्याचे नाव पद्मक. सोमिल हा त्याचा माहूत. बारा वर्षे दोघे एकत्र होते. गजशाळेतले लोक चेष्टेने म्हणत, उत्पला ही सोमिलची धाकटी बायको, थोरली हा हत्ती.

एके वर्षी नदीचा बांध खचला. पूर येण्याआधी तो उभा करण्याचे काम अमात्य कालसेनाकडे आले. त्याने सोमिलला बजावले, "ओंडके वेळेत पोहोचले नाहीत, तर हा हत्ती दुसऱ्याच्या हाती देईन."

सोमिलने हायच खाल्ली. उत्पलेने बांधून दिलेला सातूचा गोळा संध्याकाळी तसाच घरी परत जाऊ लागला. नदी दहा पावलांवर होती, पण अंघोळीला सवड नव्हती. बायकोवर खेकसायचा आणि कोणी विचारले, तर "मला काय धाड भरलीय?" म्हणायचा. बिचारा! आपले काही बिनसले आहे, हे त्याला खरोखरच कळत नव्हते.

पद्मकाला मात्र कळत होते. माहूत मानेवर बसून हत्तीच्या कानामागे पायाचा अंगठा दाबतो आणि त्यावरून हत्ती वळतो, थांबतो, चालतो. पूर्वी सोमिलचा अंगठा शांत असे. आता तो कापत होता. तोंडाने सगळे ठीक आहे म्हणणाऱ्या माणसाचा पाय हत्तीशी खोटे बोलू शकत नव्हता.

एका दुपारी बांधावर उजव्या अंगठ्याने सांगितले 'वळ', आणि त्याच क्षणी दोन्ही टाचांनी सांगितले 'टाक'. सुळ्यांवर सालवृक्षाचा ओंडका होता आणि खालच्या उतारावर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायका. पद्मक जागीच थांबला. त्याने ओंडका टाकला नाही. हुकूम मोडला म्हणून सोमिलने संतापाने अंकुश मारला. कपाळातून रक्त आले. मग सोमिलने खाली पाहिले, त्याला बायका दिसल्या आणि तो पांढराफटक पडला. त्याने हे कोणालाच सांगितले नाही.

बोधिसत्त्वाला वेदना झाली, पण राग आला नाही. त्याने मनाशी म्हटले, 'हा वाईट झालेला नाही, हा थकला आहे. आणि थकलेल्याला मारून काय मिळणार?'

दुसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर येताच पद्मक अर्जुनवृक्षाखाली जाऊन बसला.

"ऊठ रे बाबा, माझं वाटोळं करू नकोस!" सोमिल विनवू लागला. पद्मक हलला नाही. त्याने सोंडेने सातूची पुरचुंडी उचलून सोमिलच्या मांडीवर ठेवली आणि तो खाईपर्यंत स्वतः गवताला तोंड लावले नाही. मग तो नदीत शिरला. हत्तीला घासायचे म्हणजे माहुताला भिजावेच लागते. बाहेर आल्यावर सोमिल जरा टेकला आणि घटकाभर गाढ झोपला. पद्मक कानाने वारा घालीत राहिला. मग उठून दोघांनी काम केले. दिवस मावळल्यावर मात्र पद्मकाने एकाही ओंडक्याला सोंड लावली नाही.

हे रोजचेच झाले. आठ दिवसांत अंगठा शांत झाला. घरी सोमिल पुन्हा दोन शब्द बोलू लागला आणि उत्पलेच्या जिवात जीव आला.

पण एका मध्यान्ही अमात्य कालसेन घोड्यावरून आला आणि त्याला माहूत झोपलेला दिसला. त्याचे माथे भडकले. "उद्यापासून तू इथे नको," तो ओरडला. मग पद्मकाला म्हणाला, "गजराज, या आळशाला सोड. न थांबता काम कर. मी तुला राजाचा मंगलहस्ती करीन, सोन्याची अंबारी देईन."

बोधिसत्त्व माणसाच्या वाणीने म्हणाला, "अमात्य, अंबारी राहू दे. हा न जेवता, न झोपता काम करीत होता, तेव्हा तुझ्या बांधावरच्या बायका ओंडक्याखाली जाता जाता वाचल्या."

कालसेनाने सोमिलकडे पाहिले. सोमिलने नाही म्हटले असते तर चालले असते, कारण त्या दुपारी खरे काय घडले ते आणखी कोणाला कळलेच नव्हते. सोमिलने हात जोडले. "खरं आहे, महाराज. चूक माझी. आणि ती लपवून मी यालाच मारलं," असे म्हणून तो रडू लागला.

बोधिसत्त्व म्हणाला, "अमात्य, तूही पहाटेपासून घोड्यावरून उतरलेला नाहीस. राजाचा धाक तुलाही आहे. ये, बैस."

कालसेन खाली उतरला. सोमिलने डोळे पुसून आपला अर्धा गोळा त्याच्या हातावर ठेवला. खाता खाता अमात्याचा डोळा कधी लागला, हे त्याचे त्यालाच कळले नाही.

सोमिल आपल्या जागी राहिला. दुसऱ्या दिवसापासून अमात्याच्या हुकमाने साऱ्या बांधावर मध्यान्हीचा विसावा सुरू झाला. बांध वेळेत झाला. फार आधी नाही, पण झाला.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, भिक्षू सुदंताला सांगितली. सुदंत विहाराचे बांधकाम पाहत होता आणि दोन दिवस भिक्षेला गेला नव्हता. शास्ता म्हणाला, "तेव्हाचा कालसेन म्हणजे विहाराला धन देऊन त्याची घाई करणारा आपला श्रेष्ठी. उत्पला म्हणजे तुझ्यासाठी रोज भिक्षा घेऊन दारात थांबून राहणारी उपासिका. पद्मक मी होतो आणि सोमिल तू. सुदंता, ही करुणा पारमिता आहे, पूर्णत्वाला न्यायचा गुण. ती सर्व जीवांवर करायची असते आणि त्या जीवांत तूही आहेस."

सुदंताने वंदन केले आणि विटांचे काम अडले आहे म्हणून तो लगबगीने निघाला.

शास्त्याने आपले भिक्षापात्र त्याच्यापुढे सरकवले. "आधी जेव."