झरजाईचा कौल

या, जवळ सरका आणि ऐका हं. फार फार मागे नीरपूर नावाचं एक राज्य होतं. तिथं धर्मव्रत नावाचा राजा होता. राजा मोठा देवभक्त. आई झरजाई ही त्याच्या कुळाची देवी. डोंगराच्या कपारीत तिचं देऊळ होतं आणि देवळापुढे मोठं तळं. पहाटे उठायचं, तळ्यात स्नान करायचं, देवीला आपल्या हातानं फुलं वाहायची आणि मगच पाण्याचा घोट घ्यायचा, असा राजाचा नेम होता. तो कधी म्हणून चुकला नाही, बरं का.

त्या घराण्याची आणखी एक रीत होती. निवाडा अवघड असला की राजा देवीला कौल लावायचा. म्हणजे काय करायचा? मोगऱ्याच्या दोन कळ्या पाण्यात भिजवायचा आणि देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायचा. मग हात जोडून प्रश्न विचारायचा. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देवी सांगेल तसा राजा निवाडा द्यायचा.

राजाला एकच मुलगा, नीलकेतू. तोही बापासारखाच भाविक. एका वर्षी काय झालं, पाऊसच पडला नाही. देवळापुढचं तळं आटलं. देवीचा उत्सव तर तोंडावर आलेला. नीलकेतूला काही चैन पडेना. आईच्या उत्सवाला तळं कोरडं? मग तो उठला, डोंगरावर गेला. तिथून एक पाट खालच्या वाडीच्या शेतांकडे जात होता. तो त्यानं फोडला आणि सगळं पाणी तळ्यात वळवलं. तळं भरलं, उत्सव झाला, लोकांनी राजपुत्राचा जयजयकार केला.

आणि खालच्या वाडीतला जोंधळा उभ्या उभ्या वाळून गेला. दाणे भरायला आले होते हो!

मग वाडीतली तान्हूबाई दरबारात आली. जोंधळ्याची वाळलेली ताटं तिनं राजापुढे ठेवली. म्हणाली, "महाराज, वाडीनं देवीला पाणी दिलं, असं समदे म्हणत्यात. आम्ही दिलं न्हाई. आमच्याकडनं घेतलं."

राजाचा चेहरा उतरला. कारण त्या कुळाचा कायदाच होता. दुसऱ्याचं पाणी जो हिसकावेल, त्याला गादी नाही. आणि मुलगा तर एकुलता एक. नीलकेतू खाली मान घालून म्हणाला, "बाबा, मी आईसाठी केलं." राजा गादीवरून उठला. तो म्हणाला, "मी आईलाच विचारतो."

मग राजानं कौल लावला. "आई, माझा मुलगा निर्दोष आहे ना?" एकही कळी पडली नाही. सगळे वाट पाहून पाहून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. पुन्हा तेच. तान्हूबाई देवळाच्या पायरीवर बसून होती.

तिसऱ्या दिवशी राजा एकटाच गाभाऱ्यात गेला. डावी कळी त्यानं चांगली भिजवून घट्ट बसवली. आणि उजवी? ती नुसती टेकवली, कोरडीच. जरा वारा लागला तरी पडावी अशी. बघा हं, आयुष्यभर नेम न चुकवणारा राजा, आणि देवीपुढे लबाडी करत होता. लेकरासाठी माणूस काय काय करतो!

पण ती कोरडी कळी पडलीच नाही. खांद्यावरच सुकली, काळी पडली, तरी चिकटून राहिली. मग देवीच्या दगडी कपाळावर घाम फुटला. एक थेंब ओघळला आणि राजाच्या हातावर पडला. तो कढत होता. राजानं देवीच्या पायांवर डोकं ठेवलं. तो रडत म्हणाला, "आई, उत्तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझ्याच्यानं ते बोलवत नव्हतं, म्हणून ते ओझं मी तुझ्यावर टाकत होतो."

मग राजा बाहेर आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "नीलकेतूनं दुसऱ्याचं पाणी घेतलं. त्याला गादी नाही. वाडीचं शेत पुन्हा हिरवं होईपर्यंत त्यानं कावडीनं पाणी वाहायचं. आणि मी देवीपुढे लबाडी केली. तेव्हा दुसरी कावड माझी."

नीलकेतूनं गळ्यातला मोत्यांचा हार काढला, बापाच्या पायांशी ठेवला आणि कावड खांद्यावर घेतली. दुसरी राजानं उचलली. एक खेप झाली, खांदे सोलले. दुसरी झाली, पायांना फोड आले. तिसऱ्या खेपेला तान्हूबाईच्या बांधावर पाणी ओतलं, आणि काय नवल! जमीन फुटली आणि खळखळ झरा वाहू लागला. झऱ्यातून देवीची मूर्ती वर आली. तेवढ्यात पुजारी धावत आला. "महाराज, गाभारा रिकामा आहे!"

पुजारी म्हणाला, पालखी आणू, देवीला परत नेऊ. पण राजा तान्हूबाईकडे वळला. "बाई, शेत तुमचं आहे. आईला इथं राहू द्याल?"

"ऱ्हाऊ द्या की," तान्हूबाई म्हणाली. "आपल्या पायानं आलीया. तिला कोण उठवंल?"

शेतं हिरवी झाली. मग वाडीनंच राजाला हात जोडले, की मुलाला गादी द्या. राजाचा जीव तळमळला, पण तो म्हणाला, "नाही. निवाडा दिला तो दिला." नीलकेतू वाडीतच राहिला. तो पाटकरी झाला. पाटकरी म्हणजे ज्याच्या त्याच्या पाळीप्रमाणे शेतांना पाणी सोडणारा.

पुढे गादी राजाच्या पुतण्याला मिळाली. अभिषेकाला झऱ्याचं पाणी हवं, म्हणून नवा राजा हत्तीवरून वाडीत आला. नीलकेतूनं त्याला वाकून मुजरा केला आणि म्हणाला, "महाराज, आता तान्हूबाईच्या वाफ्यांची पाळी आहे. थांबावं लागेल."

आणि नवा राजा हत्तीवरून उतरला आणि उन्हात थांबला. म्हातारा धर्मव्रत बांधावर उभा होता. आपलं लेकरू राजा झालं नाही, याचं त्याच्या मनातलं दुःख त्या दिवशी पार धुऊन गेलं.

मग त्या राज्यात कुणी तहानलेलं राहिलं नाही. राजा सुखात राहिला, वाडी सुखात राहिली. चला, आता तुमचीही झोपायची पाळी आली. मिटा डोळे.